जैसलमेरला जाताय? मुक्काम किल्ल्याखाली करा

संपादक महोदय,

ठाण्यात ३० वर्षे मी इमारतींच्या गळतीची कामे केली. त्यामुळे दिवाळीत जैसलमेरला गेलो, तेव्हाही डोळे ओल शोधत होते. नथमल हवेलीचा दर्शनी भाग हाथी आणि लालू या दोघा भावांनी डावा-उजवा वाटून घेऊन कोरला. दोन्ही बाजू वरवर सारख्या, नक्षी मात्र वेगळी. सौ. कितीतरी वेळ एकेक फरक बोटाने दाखवत उभी होती. पटव्यांच्या हवेलीचे झरोके तर लाकडात कोरल्यासारखे नाजूक, आणि आहेत पिवळ्या दगडाचे!

किल्ला पाहताना मात्र जीव हळहळला. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेल्या या किल्ल्यात आजही माणसे नांदतात. पूर्वी पाणी खालून वाहून आणावे लागे, म्हणून ते जपून वापरत. आता नळ आले, पर्यटकांची न्हाणीघरे आली. सांडपाणी पायात मुरते, माती भुसभुशीत होते, भिंती खचतात. एका बोळात भिंतीला हात टेकला, तर दगडाचा भुगा बोटांना लागला.

ठाण्याहून सहली नेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: राहायला खालच्या शहरात उतरा, किल्ला पाहायला चालत वर जा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे