तहान लागली नाही तरी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रात्री तीनदा उठावे लागते म्हणून तुम्ही दुपारी चारनंतर पाणीच घेत नाही आणि आई, तुला तहान लागत नाही म्हणून तू दोन पेल्यांवर दिवस काढतेस, हे काल कळले. जळगावचा मे महिना आणि हा प्रकार! फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचे पाणी रक्तात परत घेतले जाते. त्यातले बरेचसे आपसूक परतते, शेवटचा हिशेब मात्र हार्मोन्सकडे असतो. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूला ते उमगते आणि पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन सुटते. त्यामुळे मूत्रपिंडातल्या शेवटच्या नलिकांत पाण्यासाठी सूक्ष्म वाटा खुल्या होतात, पाणी आत ओढले जाते आणि लघवी थोडी व गडद होते. (अशा वाटांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 साली नोबेल मिळाले.) मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतले अल्डोस्टेरॉन मीठ राखते आणि मिठामागे पाणीही थांबते, उलट, रक्तात पाणी फार झाले की ताणलेले हृदयच एक हार्मोन सोडून मीठ-पाणी बाहेर घालवते. हृदय ग्रंथीचेही काम करते, याचे मला अजून नवल वाटते.

उतारवयात यातली पहिली साखळी सैल होते. पाणी कमी पडले तरी तहानेची जाणीव उशिरा होते, नलिका व्हॅसोप्रेसिनला पूर्वीइतकी दाद देत नाहीत आणि रात्री त्याची पातळी जशी वाढायला हवी तशी अनेकांत वाढत नाही. शिवाय दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते. म्हणजे बाबा, रात्रीच्या फेऱ्यांचा सगळा दोष संध्याकाळच्या पेल्याला देता येणार नाही.

आई, तहानेची वाट न पाहता सकाळपासून थोडे थोडे पाणी पीत जा. मात्र एकदम तांब्याच्या तांब्या रिचवू नका, कारण बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे आणि त्यावर पाण्याचा अतिरेक झाला तर रक्तातले सोडियम घसरू शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका. ती कोणत्या वेळी घ्यावी आणि दिवसाला किती पाणी चालेल, हे शुक्रवारी डॉक्टरांना विचारा. मी त्या दिवशी संध्याकाळी फोन करीन.

कळावे.
तुमची लेक