शिवण्याआधी हाड मोजा

संपादक महोदय,

माझ्या मुलीचा खांदा पहिल्यांदा निखळला तेव्हा ती १७ वर्षांची होती. नंतर झोपेत कूस बदलतानाही तो सटकू लागला. केस विंचरायला हात वर नेताना ती दुसऱ्या हाताने खांदा दाबून धरायची.

व्यायामाने भागले नाही, म्हणून दुर्बिणीतून बँकार्ट शस्त्रक्रिया झाली. सांध्याच्या वाटीची फाटलेली कूर्चेची कड अँकर (हाडात रुतवायचे छोटे खिळे) लावून पुन्हा शिवली. वर्षाच्या आत खांदा परत निखळला. तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला आणि कळले, की वाटीची पुढची हाडाची कडच झिजली आहे. हाडच नाही तिथे नुसती शिवण किती टिकणार? हा स्कॅन आधी का नाही केला, याचे उत्तर आम्हाला मिळाले नाही. याचा राग मला आजही आहे.

दुसऱ्यांदा लाटार्जे शस्त्रक्रिया केली. फ्रेंच सर्जन लाटार्जे यांनी ती १९५४ मध्ये मांडली. खांद्यापुढच्या कोरॅकॉइड हाडाचा तुकडा, त्याला चिकटलेल्या कंडरेसकट, वाटीच्या कडेवर स्क्रूने बसवतात. हाडाची भर पडते आणि हात वर नेला की ती कंडरा समोरून पट्ट्यासारखा आधार देते. नसेला इजा होण्याचा, हाड न जुळण्याचा धोका असतो. तो डॉक्टरांनी स्पष्ट सांगितला, हे बरे झाले. खांद्याच्या गोळ्याला मागे खोल खळगा पडला असेल, तर रेम्प्लिसाजचाही, म्हणजे मागची कंडरा त्या खळग्यात शिवून तो भरण्याचाही, पर्याय असतो.

वारंवार खांदा निखळणाऱ्यांनी टेबलावर जाण्याआधी एवढे विचारावेच: माझे हाड किती झिजले आहे?

आपली,
एक आई