मंत्रिमहोदय, माझ्या नातीचे 3 मार्क परत करा

माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

गेल्या 6 ऑगस्टला आमच्या तालुक्यात हिरोशिमा दिनाच्या कार्यक्रमात तुम्ही माईकवरून शब्द दिला होता, "गुरुजी, धड्यातलं ते वाक्य बदलू." टाळ्या झाल्या, हार झाले. वाक्य अजून जिथल्या तिथे आहे: 'अणुबॉम्बमुळे युद्ध संपले व लाखो प्राण वाचले.' परवा त्याच प्रश्नाला माझ्या नववीतल्या नातीला 3 पैकी शून्य मिळालं.

तिनं लिहिलं होतं, की 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर बॉम्ब पडला, 8 ला रशियानं जपानशी युद्ध पुकारलं, 9 ला फौजा मांचुरियात घुसल्या आणि त्याच दिवशी नागासाकी जळालं. तेव्हा शरणागती नेमकी कशामुळे आली यावर इतिहासकार अजून भांडतात. शेजारी लाल शाईत शेरा: 'पुस्तकाबाहेरचे.'

साहेब, तुमच्या कार्यालयाला मी बाराएक पत्रं पाठवली, जास्तच असतील. एसटीनं 4 खेपा घातल्या. गुडघा धरलाय. दर वेळी 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' तेवढ्या वेळात जपाननं दोनदा शरणागती पत्करली असती.

माझे वडील मराठा पलटणीतून 1944 साली इम्फाळच्या बाजूला जपान्यांशी लढले. बॉम्बची बातमी आली तेव्हा छावणीत गूळ वाटला, असं सांगायचे. वाटणारच! युद्ध लांबलं असतं तर त्यांना मलायात उतरवलं असतं आणि कदाचित हे पत्र लिहायला मी नसतो. म्हातारपणी मात्र तेच वडील 6 ऑगस्टला जेवायचे नाहीत. आई चिडायची. ते नुसतं म्हणायचे, "पोरं होती गं त्यात." सांगा, त्यांना किती मार्क देणार?

आणि ते 'लाखो प्राण' मोजले कुणी? अमेरिकेचे युद्धमंत्री राहिलेले स्टिमसन यांनी 1947 मध्ये, म्हणजे सगळं उरकल्यावर, जपानवर चढाई केली असती तर 10 लाख मृत-जखमी झाले असते असा अंदाज छापला. जून 1945 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमनसमोर आलेले आकडे त्याहून कितीतरी कमी होते. मेलेले मात्र खरे: 1945 संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे 1 लाख 40 हजार, नागासाकीत 70 हजारांच्या वर. त्यातही दुसऱ्या बॉम्बचं विमान निघालं होतं जपानच्याच कोकुरा शहरावर. तिथं ढग आणि धूर आडवा आला म्हणून नागासाकी. याला लाखांचा हिशेब म्हणायचं?

पोखरणनंतर 1998 ला शाळेत पेढे वाटले, मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू. पण 2003 पासून 'आधी आम्ही वापरणार नाही' हे आपल्याच देशाचं जाहीर धोरण आहे ना? मग ज्यानं आधी वापरला त्याचं समर्थन आमच्या पोरांकडून का घोकून घेता? कारण उघड आहे. पुस्तक, गाइड, क्लास, पेपर तपासणारा, सगळ्यांना एकच तयार उत्तर हवंय. विचार करणारं पोर तपासायला वेळ लागतो, आणि तपासणीचे पैसे गठ्ठ्यावर मिळतात. शेतकऱ्याचा पंचनामाही असाच होतो, बांधावर न जाता.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आधीची तुमच्या कार्यालयात गहाळ झाली म्हणे. ही तिसरी. 2 रुपये पान, माझ्या पेन्शनीतून.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक