एपीटीला एकदाच सांगून ठेवा

महोदय,

जुलैत सत्र सुरू झालं, की शहरातल्या ज्या संगणक प्रयोगशाळांत उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे तिथे सॉफ्टवेअर चढवण्याची गडबड उडते. ३० यंत्रं आणि ३० वेळा तीच लांबलचक कमांड. इंदुरात रोजच्या गिऱ्हाइकाला पोह्यांवर शेव घालू का, असं कोणी विचारत नाही. उबंटूत सॉफ्टवेअर बसवणाऱ्या एपीटी या साधनालाही आपली पसंती एकदाच सांगून ठेवता येते. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांनी यंदा एवढं करावंच. (छपाईच्या सोयीसाठी नावं देवनागरीत दिली आहेत, टंकताना अर्थातच रोमन.)

ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या एपीटी फोल्डरात 'एपीटी डॉट कॉन्फ डॉट डी' नावाचा फोल्डर असतो. त्यात '९९-लॅब' नावाची फाईल करावी. फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटची वरचढ ठरते, म्हणून ९९. नावापुढे 'टीएक्सटी' लागलं तर ती वाचलीच जात नाही. उलट '९९-लॅब-ओल्ड' नावाने जुनी प्रत तिथेच ठेवली, तर ती नंतर वाचली जाते आणि जुनीच सेटिंग्ज लागू होतात. ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरू नये. तो राहिला तर ती एक ओळ नव्हे, अख्खं एपीटीच 'सिंटॅक्स एरर' दाखवून थांबतं.

आत दोन-तीन ओळी पुरतात. 'अक्वायर::रिट्राइज' ३ ठेवावं, म्हणजे नेट मध्येच तुटलं तरी पुन्हा प्रयत्न होतो. एका यंत्रावर एपीटी-कॅशर-एनजी (एकदा उतरवलेलं साठवून ठेवणारा प्रोग्राम) बसवून बाकीच्यांचा प्रॉक्सी, म्हणजे नेटकडे जाणारा मध्यस्थ, त्याच्या ३१४२ पोर्टकडे वळवला, तर तेच पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) ३० वेळा बाहेरून ओढावं लागत नाही. मात्र एचटीटीपीएस पत्त्यांवरची पॅकेजेस तो साठवत नाही, आणि घरी नेलेल्या लॅपटॉपवर ही प्रॉक्सीची ओळ राहिली तर तिथे अपडेट अडणारच.

'इन्स्टॉल-रेकमेंड्स' (शिफारस केलेली जोड-पॅकेजेसही बसवणारा पर्याय) बंद केल्याने डिस्कवरची जागा वाचते खरी, पण पायथनची पॅकेजेस बसवणारं पिप हे साधन बसवताना 'बिल्ड-इसेन्शियल' हा कंपायलरचा संच गळतो. मग सी भाषेतला भाग असलेलं एखादं पायथन पॅकेज बांधायची वेळ आली, की कंपायलर नाही म्हणून गाडी अडते. आणि दोष पायथनला!

प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' म्हणणारं 'अझ्यूम-यस' मात्र फाईलमध्ये कधीच लिहू नये. एक पॅकेज काढताना त्याच्यावर अवलंबून असलेली दहा जाणार असतील, तर ती यादी वाचून 'नाही' म्हणायची संधी 'पुढे जाऊ का?' हा एक प्रश्नच देतो.

बदल लागू झाला का, हे 'एपीटी-कॉन्फिग डंप'ने दिसतं. एखाद्या वेळेपुरता वेगळा पर्याय हवा असेल, तर कमांडमध्येच 'हायफन ओ' लावून द्यावा. तो फाईलपेक्षा वरचढ असतो. पिपची फाईल वेगळी, 'पिप डॉट कॉन्फ'. तिथे १५ सेकंदांचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) ६० केला, की मंद नेटवरच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

— एक लिनक्स प्रशिक्षक, रामबाग, इंदूर