बीपीच्या तपासणीत साखरही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या उन्हाळ्यात गावातल्या तपासणीत माझं बीपी 160/100 निघालं. त्याआधी आशाताईंनी फॉर्म भरून घेतला होता. खर्रा खाता का, दारू घेता का, कंबर किती, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, सगळं विचारलं. गोळी सुरू झाली आणि सल्ला मिळाला : मीठ कमी करा. लोणचं-पापड बंद केलं, सल्ला बरोबरच होता. पण चहात साखर किती, ठंडा किती पिता, हे कोणी विचारलं नाही. आपल्याकडे वाटणीच झाली आहे ना : मीठ बीपीवाल्याचं, साखर शुगरवाल्याची.

पुढे एकदा किराण्याच्या चिठ्ठ्या काढून बसलो. घरात माणसं पाच, महिन्याला साखर नऊ किलो. म्हणजे माणशी रोज 60 ग्रॅम, चांगले बारा चमचे. पाहुण्यारावळ्यांचा चहा वजा केला तरी आकडा लहान होत नाही; शिवाय टपरीवरचा कट आणि बाटलीतला ठंडा यात धरलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा 50 ग्रॅमच्या आसपास धरते, आणि 25 वर आणली तर आणखी चांगलं म्हणते.

साखरेचा बीपीशी संबंध काय, हे नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने वहीच्या पानावर काढून दाखवलं. साखरेत अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचा निपटारा मुख्यतः यकृत करतं. रोजच जास्त झालं की तिथे त्याची चरबी बनते, युरिक ॲसिडही वाढतं. चरबी साचलेलं यकृत इन्सुलिनला दाद देत नाही, मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणि वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. म्हणजे मी पापड सोडला आणि वरून चहा ढोसत राहिलो! माझं बीपी एकट्या साखरेनेच वाढलं असं म्हणत नाही. वय आहे, खर्राही होताच. आणि हातपाय काडीसारखे असले तरी कंबर 38 इंच. आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या, आतच बरी.

गुळाचंही सांगून ठेवतो, कारण हायवेवर आता जागोजागी ‘गुळाचा चहा’च्या पाट्या लागल्या आहेत. गुळातही बहुतांश साखरच असते.

माझी मागणी छोटी आहे. तिशीपुढच्या लोकांची तपासणी होतेच आहे, तर त्या फॉर्मात एक ओळ वाढवा : दिवसाला चहा किती, कपात साखर किती चमचे? आपण आपल्या दैनिकातून हे लावून धरावं.

बाकी, कापूस वेचणीला शेतावर जाणारी चहाची कॅन आपण साखर घालूनच पाठवतो. पिणाऱ्या बायांना विचारतो कोण? यंदा मी कॅन फिक्की पाठवली, साखरेची डबी वेगळी. पहिल्या दिवशी बाया हसल्या, ‘‘काऊन जी, साखर महाग झाली का?’’ डबी रिकामी परत आली. आता संध्याकाळी तिच्यात थोडी उरलेली असते.

आपला,
एक कास्तकार, जि. यवतमाळ