खाल्लेलं अंगी लागलं, डॉक्टर साहेब

आदरणीय डॉक्टर साहेब,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात येऊन आभार मानायचं दोनदा मनात आलं. पण तिथं माणसं गायी-म्हशी घेऊन उभी असतात, त्यांच्यापुढं माशाचं बोलणं काढायला जीभ रेटली नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघडं लिहिते आहे. औशात आता बऱ्याच घरांत फिश टँक दिसतो. मासा वाळायला लागला की काय बघायचं, हे सांगणारं मात्र कुणी भेटत नाही. मला तुम्ही भेटलात.

खरं तर त्या दिवशी तुम्ही शेजारच्या उस्मानाबादी शेळ्यांना जंताचं औषध पाजायला आला होतात. मी भिंतीवरून विचारलं, "साहेब, एक मासा बघता का?" तुम्ही हसला नाहीत. हात धुतलेत आणि आलात.

आमचे सासरे, आप्पा, यांना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दिवसभर खाटेवर बसून काय बघणार, म्हणून यांनी लातूरहून दोन फुटी टाकी आणली. तिच्यातला काळ्या पट्ट्यांचा एंजल मासा आप्पांचा लाडका. पोळा झाला आणि आप्पा त्याच्याकडं बोट करून रोज एकच वाक्य म्हणायला लागले, "खायलाय, पण अंगाला लागंना." मी ते मनावर घेतलं नाही. मासा दाण्यावर झडप घालतोय म्हणजे बरा आहे, असं मला वाटायचं. मग तो दिसायलाच बारीक झाला तेव्हा मी खाणं दुप्पट केलं. उरलेलं तळाशी कुजलं, पाण्याला वास यायला लागला. दुकानात विचारलं तर निळं औषध मिळालं. पाणी निळं झालं, वाळूही निळी झाली, मासा वाळतच राहिला.

तुम्ही आधी माशाकडं पाहिलंच नाहीत. आप्पांच्या शेजारी खाटेवर बसलात आणि त्यांना विचारलंत, "दिवसभर तुम्हीच बघता ना? मग तुम्हीच सांगा." दाणा गिळतो की तोंडात घेऊन थुंकतो? दुसरा मासा त्याला हुसकावतो का? शेण कसं टाकतो, काळपट की पांढरं, दोऱ्यासारखं? एकेका उत्तराला आप्पांना मिनिट मिनिट लागत होतं. मी दोनदा मधे बोलायला गेले आणि तुम्ही हातानं थांबवलंत. दोन वर्षांत त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. आम्ही "जेवलात का, औषध घेतलं का" एवढंच विचारायचो. साहेब, हे पत्र मुख्य म्हणजे त्या अर्ध्या तासासाठी आहे.

आप्पांच्या उत्तरांवरून तुम्ही एकेक कारण बाजूला काढत गेलात. हुसकावणारा मासा नाही, थुंकत नाही, म्हणजे खाणं पोटात जातंय. पांढरं, लांब, दोऱ्यासारखं शेण असतं तर आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संशय धरून वेगळं औषध लागलं असतं, पण तसंही नाही. मग मला म्हणालात, बाजूनं नको, समोरून बघा. एंजल बाजूनं कायम रुंदच दिसतो, समोरून खरं कळतं. पाहिलं तर कपाळाला खळगा, पाठ सुरीच्या धारेसारखी. शेवटी मोबाईलची बॅटरी लावून शेपटीकडच्या भोकाजवळ धरलीत. एंजलच्या मागं काही दिसलं नाही. पण टाकीत दोन गप्पीही आहेत, डास खाणारे बारीक मासे, त्यांतल्या मादीच्या मागं तीन बारीक लाल तंतू, ती थांबली की बाहेर येणारे, हलली की आत जाणारे. आप्पा म्हणाले, "हे मी बघितलंय." त्यांनी आधीच पाहिलं होतं. त्यांना वाटलं होतं तिचं पंखच तसं असेल.

कॅमॅलॅनस, तुम्ही नाव सांगितलंत. आतड्याला तोंडानं चिकटून रक्त पिणारा जंत, म्हणून लाल. पाण्यात त्याची पिल्लं सुटतात, ती सायक्लॉप्स नावाचा बारीक किडा खातो आणि तो किडा मासा खातो. टाकीत तर किड्यावाचूनही एका माशाचं दुसऱ्याला होतं. मग तुम्ही आप्पांकडं वळून म्हणालात, "आप्पा, नारू आठवतो का? त्याच्याच कुळातला हा." आप्पांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. त्यांच्या लहानपणी गाव बारवेचं पाणी प्यायचं, पायातून निघणारा नारूचा लांब जंत काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळताना त्यांनी पाहिलेला. तोही सायक्लॉप्समधूनच पोटात जायचा, म्हणून पाणी फडक्यानं गाळून घ्यायला सांगत. भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला. माझ्या मुलांना तो शब्दही माहीत नव्हता, त्या संध्याकाळी आप्पांनी त्यांना तासभर सांगितलं, अडखळत, पण तासभर.

ते गप्पी मी एका शेतातल्या हौदातून आणले होते, डास खातात म्हणून, आणि हौदाच्या पाण्यासकट सरळ टाकीत सोडले होते. तुम्ही मला बोल लावला नाहीत. नवीन मासा चार आठवडे वेगळ्या बादलीत ठेवायचा, एवढंच सांगितलंत.

औषध शेळ्यांचंच निघालं, लेव्हामिसोल. पण तुमच्या पिशवीतल्या बाटलीत यकृताच्या जंतावरचं दुसरं औषधही मिसळलेलं होतं. ते माशाला चालणार नाही म्हणून तुम्ही ती बाटली परत ठेवलीत. उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या तुमच्या ओळखीच्या एकाला फोन लावून डोस विचारलात. मला तेही फार आवडलं. वीसेक वर्षं जनावरं बघणाऱ्या माणसानं "माशाचं मला एकदा विचारून घेऊ द्या" म्हणावं.

हिशोब मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून इथंही देते. फूटपट्टीनं मोजून टाकी 56 लिटरची निघाली, पण वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी 45 लिटरच. एका लिटरला 2 मिलिग्रॅम, म्हणजे 90. साध्या लेव्हामिसोलची 150 मिलिग्रॅमची गोळी 150 मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातलं 90 मिलिलिटर टाकीत. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवला, हवेची मोटर चालू. उजेडात हे औषध निकामी होतं, म्हणून टाकीवर आप्पांची घोंगडी टाकली. 24 तासांनी घोंगडी काढली तर तळाशी लाल धाग्यांचे तुकडे पडलेले. हे औषध जंताला लुळं करतं, मग तो सुटून बाहेर पडतो. माशांनी ते पुन्हा खायच्या आत नळीनं तळ ओढून घेतला. अर्धं पाणी बदलायचं होतं. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, म्हणून दीड घागर पाणी मी दोन दिवस आधीपासून राखून ठेवलं होतं. जंताची लहान पिल्लं पहिल्या डोसातून वाचू शकतात म्हणून तीन आठवड्यांनी, वसुबारसेच्या तीन दिवस आधी, दुसरा डोस झाला.

गप्पी मादी वाचली नाही. ती फार पोखरली गेली होती.

एक गोष्ट तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलीत. औषधानंही फरक पडला नाही, पाठीचा कणा वाकला, अंगावर जखमा दिसल्या तर माशाचा क्षय असू शकतो. त्यावर भरवशाचा इलाज नाही आणि कापलेल्या बोटातून तो माणसाच्या कातडीलाही होतो. विळीनं कापलेलं माझं बोट तुम्ही पाहिलं होतं. तेव्हापासून टाकीत हात घालताना मी हातमोजा घालते.

आणि जाताना म्हणालात, आता खायला फक्त आप्पा घालतील. दिवसातून चारदा, सहा-सहा दाणे, जास्त नाही, आणि उजव्या हातानं. सुरुवातीला चिमटीतून दाणे खाटेवरच सांडायचे. मी उचलायला गेले की ते रागवायचे. आता सहातले चार-पाच पाण्यात पडतात. एंजलच्या कपाळावरचा खळगा भरलाय, समोरून पाहिलं तर पोट गोल दिसतं. आप्पांनी निरोप दिलाय, "सायबाला सांग, अंगाला लागायलंय."

तुम्ही फी घेतली नाहीत, चहाही अर्धा सोडून पुढच्या गोठ्यावर गेलात. तुमची फूटपट्टी आमच्याकडंच राहिली आहे. टाकीच्या झाकणावर ठेवली आहे, येताना घेऊन जा.

आपली,
आप्पांची सून