वाहाकाला जायचंय

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले असते, पण फोनवर बाबा दुसऱ्या वाक्याला "हे घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई "बरं बरं, तू जेवलीस का?" म्हणते. कागद मात्र बाबा दोनदा वाचतात, दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन. म्हणून कागद.

आधी सांगून टाकते. तिकिटं काढली आहेत. दसरा घरी करा, आपट्याची पानं वाटा आणि चार दिवसांनी नागपूरहून निघा. हे ह्यूस्टनपर्यंतचं तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते पुढचं. 29 ऑक्टोबरला आपण तिघं मेक्सिकोला जाणार आहोत. आधी वाहाका, मग मेक्सिको सिटी. 6 नोव्हेंबरला परत, आणि 8 तारखेचं लक्ष्मीपूजन माझ्या घरी. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं ते मला पाठ आहे.

आई, आत्ता तू म्हणणार, मुलांना सोडून कसं जायचं. त्यांना त्यांचे बाबा आहेत. आठ दिवस डबे भरेल, वेण्या घालेल, वाकड्या घालेल. हे मी मुद्दाम केलंय. तुम्ही दोन वेळा इथं आलात, दोन्ही खेपेला माझ्या बाळंतपणाला. एकूण अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत तुम्ही काय पाहिलंत? वॉलमार्ट, देऊळ आणि लहान मुलांच्या डॉक्टरांची बसायची खोली. आई, तू डिंकाचे लाडू केलेस, शेक दिलास, रात्री दोनला उठलीस. बाबा दुपारी स्ट्रोलर ढकलत त्याच त्या तळ्याला फेऱ्या मारायचे. दर वेळी मी म्हणायचे, पुढच्या खेपेला नक्की फिरायला जाऊ. मार्गशीर्षातली ती रात्र झाल्यापासून "पुढच्या खेपेला" हा शब्द मला तोंडातून काढवत नाही. (बाबा, घाबरवत नाहीये. रिपोर्ट चांगले आहेत, मी स्वतः वाचलेत.)

आणि मेक्सिकोच का, हे बाबांना सांगायला हवं का? तुमच्या टेबलाच्या काचेखाली पांडुरंग खानखोज्यांचं कात्रण आहे, मी बाराखडी शिकत होते तेव्हापासून. स्कूटरवर पुढं उभी करून शाळेत सोडताना तुम्ही मला रोज तीच गोष्ट सांगायचात. आपल्या वर्ध्याचा माणूस, गदर पक्षातला क्रांतिकारक, इंग्रजांनी देशाची दारं बंद केली म्हणून जगभर भटकत 1924 मध्ये मेक्सिकोला पोचला आणि तिथल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत मका शिकवायला लागला. पुढं तिथल्या दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकारानं त्याला भिंतीवर काढलं. मला तेव्हा वाटायचं, खानखोजे आपले कुणी चुलत आजोबा असावेत.

तर ती भिंत अजून आहे. मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात त्यांच्या शिक्षण खात्याची इमारत आहे, आता तिथं भित्तिचित्रांचं संग्रहालय केलंय. रिवेरानं 1923 ते 1928 अशी पाच-सहा वर्षं त्या भिंती रंगवल्या. "आमची भाकर" असा अर्थ होईल अशा नावाचं ते चित्र वरच्या मजल्यावर आहे. मेजाभोवती माणसं बसली आहेत आणि मधोमध भाकर मोडणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. तुम्हाला पायऱ्या चढायच्या आहेत, पण घाई नाही, अख्खी सकाळ त्यासाठी ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी गाडी करून चापिंगो. तिथं 2022 मध्ये त्यांचा पुतळा बसवलाय. कृषी खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मी बीचवर नेणार होते की काय?

आता तुमच्या काळज्या.

व्हिसा लागत नाही. अमेरिकेचा व्हिसा चालू असला की मेक्सिकोला वेगळा नको, आणि तुमचा 2028 पर्यंत आहे. विमान अडीच तासांचं. बातम्यांत दाखवतात ते मीही पाहते, म्हणून जागा बघूनच निवडल्यात. रात्री उशिरा बाहेर पडायचं नाही, टॅक्सी राहत्या जागेहूनच बोलवायची, आणि आई, बांगड्या घरी. मंगळसूत्र ते काळ्या पोतीचं छोटं घाल.

उंचीचा विचार केलाय. मेक्सिको सिटी 2,240 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्याही वर. थेट तिथं उतरलो तर बाबांना दम लागेल. म्हणून आधी वाहाका, ते साधारण 1,550 मीटरवर आहे. पाच दिवस तिथं मुरायचं आणि मग वर जायचं. तुमच्या डॉक्टरांशी बोलले आहे. ते म्हणाले, जाऊ द्या, पण पहिल्या दिवशी पडून राहू द्या. बाबा, पडून राहायचं. "मी काय आजारी आहे का" हे वाक्य नागपूरलाच ठेवून या. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, त्यात बसायचं. ढकलणाऱ्याशी गप्पा मारा, पण उतरून त्याच्यासोबत चालू नका. मागच्या वेळचं मला कळलंय.

खाण्याचं. आई, तुला तिथं परकं वाटणार नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी धुतात, दळतात आणि मातीच्या तव्यावर पातळ भाकरी टाकतात. तव्याला कोमाल म्हणतात. पाटा तीन पायांचा आणि उतरता असतो, बाई गुडघ्यावर बसून वाटते. आजी बसायची तशीच. (बाबा, चुना का? त्यानं मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात लोकांनी मका नेला, चुना नेला नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. हे तुम्हीच मला सांगितलं असेल, पण आता मी तुम्हाला सांगतेय.) काळ्या घेवड्याची उसळ रोज मिळेल, ठेच्याचे तर दहा प्रकार आहेत. फक्त घोळ असा की उसळीत डुकराची चरबी घालतात, आणि "मांस नको" म्हटलं तर चिकन आणून ठेवतात, कारण त्यांच्या हिशेबी कोंबडी मांसात येत नाही. म्हणून मी स्पॅनिशमध्ये चिठ्ठी लिहून ठेवली आहे. मांस नको, कोंबडी नको, मासा नको, चरबी नको. प्रत्येक जेवणाआधी मीच दाखवणार. बाजारात लालसर कुरकुरीत काही टोपल्यांत दिसेल, तिखट शेवेसारखं. ती शेव नाही, ते नाकतोडे आहेत. आई, तिकडे बघू नकोस, पुढं चल.

चहाची पावडर, आलं, किटली माझ्याकडे. तुमची किटली आणू नका, तिथं वीज 127 व्होल्टची आहे. नळाचं पाणी दात घासायलाही नाही. मोठे जार मिळतात आपल्याकडच्यासारखे. आणि हो, बाथरूमसाठी प्लॅस्टिकचा मग घेतलाय. निळा. आता हा विषय संपला.

हवा आपल्या दिवाळीसारखी, दिवसा ऊन, रात्री शाल. गुडघ्याला झेपेल तेवढंच फिरायचं. मोंते आल्बान म्हणून सापोतेक लोकांनी इसवी सनाच्या पाचशे वर्षं आधी डोंगराचा माथा सपाट करून वसवलेलं शहर आहे. तिथं सावली नाही, सकाळी आठला जाऊन अकराला परत. पायऱ्या बाबांनीही चढायच्या नाहीत. तुले गावात एक झाड आहे, खोडाचा घेर बेचाळीस मीटरच्या आसपास. ते बाकावर बसून बघता येतं. तेओतित्लानमध्ये निवडुंगावरच्या किड्यांपासून लाल रंग काढून घोंगडी विणतात. आई, तिथं तू भाव करणार हे मला माहीत आहे. थोडाच कर, हातमाग आहे.

तारखा मी याच का धरल्या, ते आता सांगते. जरा बसून वाच.

1 आणि 2 नोव्हेंबरला तिथं गेलेली माणसं घरी येतात. आपल्या पितृपंधरवड्यासारखंच, फक्त दुःखाचं नाही. घरात मांडणी करतात, तिला ओफ्रेंदा म्हणतात. फोटो, पाणी, मीठ, कोपालचा धूप आणि त्या माणसाला आवडायचं ते खाणं. पहिला दिवस लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. आणि दारापासून मांडणीपर्यंत पाकळ्यांची वाट, म्हणजे येणारा चुकायला नको. कशाच्या पाकळ्या? झेंडूच्या. आई, दसऱ्याला तू तोरण करतेस तो झेंडू मूळचा तिथला. आपला चिकूही तिथलाच, नावासकट. कवट्या आणि हाडांचे सांगाडे सगळीकडे दिसतील, साखरेचेसुद्धा. अशुभ नको समजूस. मुलं ते चोखून खातात.

आपण राहणार त्या घराच्या मालकीणबाई अंगणात मांडणी करतात. पाहुण्यांनी आपल्या माणसाचा फोटो ठेवला तर चालतो, असं त्यांनी कळवलंय. आजी गेली तेव्हा मी आठव्या महिन्यात होते. तुम्ही दोघांनी "येऊ नकोस" म्हटलंत, बरोबरच म्हटलंत, मी कधी त्यावर बोलले नाही. तेरावं मी फोनवर पाहिलं, मध्येच रेंज गेली. आपले विधी ते आपले, बाबा दरवर्षी करतात, त्यात मला काही कमी वाटत नाही. मला फक्त एकदा तिच्यासाठी काहीतरी हातानं मांडायचंय, तुम्ही दोघं शेजारी असताना. आई, तुला नको वाटलं तर नाही ठेवायचा फोटो. मनापासून सांगते, हट्ट नाही. आपण नुसतं बघू आणि चॉकलेट पिऊ. तिथं ते पाण्यात करतात आणि पावासोबत बुडवून खातात, तुझ्या चहा-खारीसारखं.

पैशांचं विचारू नका. बाबा, तुम्ही माझी इंजिनिअरिंगची फी भरताना मी विचारलं होतं का? विचारलं होतं, आणि तुम्ही "तुला काय करायचंय" म्हणाला होतात. तेच.

आता कामं. प्रवासाचा विमा मी काढलाय, कागद मेलवर आहेत, पिंट्याकडून छापून घ्या. गोळ्या दोन महिन्यांच्या, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, आणि हातातल्या पिशवीत. डब्यांत काढून भरायच्या नाहीत. पासपोर्ट आईकडे. आंबाडी, सांडगे, मुंगवड्या काही आणायचं नाही, बॅगा हलक्या. बरं, मुंगवड्या थोड्या आणा. रोज सकाळी अर्धा तास चालायला आजपासून सुरुवात, दोघांनी, आणि आई, चपलांवर नाही, ते बूट कपाटात ठेवायला नाही घेतले. बाबा, थोडं स्पॅनिश: ग्रासियास म्हणजे धन्यवाद. आणि गंमत, वाहाका लिहिताना मध्ये एक्स लिहितात आणि वाचताना ह. खुद्द मेक्सिकोला ते मेहिको म्हणतात. सगळा देश आपण चुकीचा उच्चारत होतो, तुमच्या त्या कात्रणासकट.

रागावला असाल तर फोनवर रागवा, पण दसऱ्याच्या आत. त्यानंतर तारीख बदलायला पैसे पडतात.

तुमची,
बेबी

ता. क. आजीचा फोटो आणलात तर भिंतीवरचा हाराचा नको. रेशनकार्डाच्या फाइलमध्ये एक आहे, मामाच्या लग्नातला, डोळे मिटलेत म्हणून तुम्ही कधी लावला नाही तो. आणि देवघराच्या खालच्या खणात तिची तपकिरीची डबी असेल. रिकामी असली तरी आणा.